ओम्नीची सकाळची टिकटिक आणि घाटातली टकटक

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची ओम्नी २००७ ची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), मूळ पेट्रोलची आणि नंतर एलपीजी किट बसवलेली. मीटरवर १,४०,००० किलोमीटर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे दुकानांत पोचवता आणि महिन्यातून एक-दोनदा घरच्यांना घेऊन तुळजापूरला जाता. सकाळी गाडी सुरू केली की सीटखालून टिकटिक येते, दहा-बारा मिनिटांत जवळजवळ बंद होते, आणि तुळजापूरचा घाट चढताना पुन्हा सुरू होते. एका मिस्त्रीने टापेट (व्हॉल्व्हवरची फट) ढिलं सांगितलं, दुसऱ्याने इंजिनकाम, म्हणजे इंजिन उघडून दुरुस्ती, काढलं, तिसऱ्याने जाड ऑइल घालून बघा म्हटलं. तिघांपैकी कोणाचं ऐकावं आणि एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालावेत का, हे तुम्हाला हवंय.

गाडी समोर नसताना आवाजाचं निदान छातीठोकपणे कोणीच करू नये. मीही करणार नाही. पण तुम्ही एक गोष्ट फार नेमकी लिहिली आहे, आवाज कधी येतो आणि कधी जातो ती. माझ्या लेखी निम्मं निदान तिथेच आहे. तिन्ही मिस्त्रींनी ती विचारली होती की नाही, कोण जाणे.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. चोवीस माग एकदम खडखडत असायचे आणि ते दारात उभं राहून सांगायचे, तिकडच्या कोपऱ्यातल्या मागाचा धोटा अडखळतोय. मला लहानपणी ती जादू वाटायची. पुढे मी गॅरेजात लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं की ते आवाज ऐकत नाहीत, ते ठेका ऐकतात. प्रत्येक भागाचा आपला ठेका असतो, तो कुठल्या वेळी चुकतो ते बघायचं. गेली सव्वीस वर्षं मी गाड्यांची इंजिनं अशीच ऐकतो. आधी कधी, मग किती वेळा, मग कुठून. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर.

आता तुमच्या इंजिनाकडे येऊ. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, प्रत्येकाला एक इनलेट (इंधन-हवा आत घेणारा) आणि एक एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) असे सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, वर हेडमध्ये, टायमिंग बेल्टवर चालणारी. १९८४ साली मारुती व्हॅन आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. एवढ्या काळात कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पण वरची ही रॉकरची (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या छोट्या तरफांची) मांडणी तुमच्या गाडीपर्यंत तशीच राहिली. यात हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट आपोआप मिटवणारे भाग, नाहीत. रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट आहे, हाताने गॅप लावायचा. म्हणून ‘लिफ्टर मोकळे करणारं’ औषध ऑइलमध्ये घाला असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा, मोकळं करायला त्यात लिफ्टरच नाही.

टापेट का वाजतं? कॅम रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो, आणि मध्ये जाणूनबुजून थोडी फट ठेवलेली असते. ती फट मिटताना रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या शेंड्यावर आपटतो, तीच टिक. फट वाढली की टिक मोठी होते. या इंजिनाला थंड असताना ०.१३ ते ०.१८ मिमी आणि गरम असताना ०.२३ ते ०.२८ मिमी गॅप लागतो.

हे दोन आकडे नीट बघा. गरम झाल्यावर गॅप वाढतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते तापलं की पोलादी व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुलतं आणि रॉकर वर उचलला जातो. म्हणजे तुमच्या गाडीत टापेट ढिलं असेल तर त्याचा आवाज इंजिन तापल्यावर कमी का व्हावा? उलट तो टिकायला हवा, किंचित वाढायलाही हवा. सकाळी ऑइल वर पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद सोडून द्या, तेवढा आवाज कुठल्याही जुन्या गाडीत येतो. पण दहा मिनिटं वाजून तापल्यावर शांत होणारी टिकटिक मला टापेटची वाटत नाही. पहिल्या मिस्त्रीचं चूक आहे असं मी म्हणत नाही, सहापैकी एखादं टापेट ढिलं असूही शकेल. पण तुम्ही ज्या आवाजाची तक्रार करताय तो बहुधा दुसराच आहे.

थंडीत वाजणारे आणि तापल्यावर गप्प होणारे मुख्य आवाज दोन. एक पिस्टनचा, झिजलेल्या बोअरमध्ये पिस्टन बाजूने आपटतो, तापून फुलला की फट भरते आणि आवाज जातो. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून गॅस फुटण्याचा. थंड असताना हेड आणि मॅनिफोल्डमध्ये बारीक फट असते, दर वेळी त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तिथून ‘टिक’ करून गॅस निसटतो. लोखंड तापून फुललं की फट मिटते. आणि घाटात लोड आला, पाय खाली दाबला, आतला दाब वाढला की तीच फट पुन्हा उघडी पडते. सकाळी आवाज, मग शांत, घाटात पुन्हा, हे तुमचं वर्णन एका दमात जुळतं ते याच कारणाशी. म्हणून माझा पहिला संशय मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आहे.

हा संशय मी पुढे ठेवतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे. ओम्नीचं इंजिन तुमच्या सीटखाली असतं. साध्या गाडीत मॅनिफोल्ड फुटलं तर धूर बॉनेटखाली राहतो, ओम्नीत तो तुमच्या मांडीखाली असतो. सीटखालच्या झाकणाची रबरं या वयाच्या गाडीत कडक होऊन तुटलेली असतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं एवढंच कळतं, आणि ते आपण उन्हाच्या किंवा उपाशीपणाच्या माथी मारतो. तुम्ही घरच्यांना घेऊन तुळजापूरला जाता. गॅस्केटची खात्री होईपर्यंत काचा उघड्या ठेवून गाडी चालवा, आणि गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून आत कोणी बसू नये. कृपा करून हे मनावर घ्या.

तपासणी तुम्हाला घरी करता येईल. रात्रभर उभी राहिलेली गाडी सपाट जागी हवी. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, पातळी बघा. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर बसतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी वरच्या रॉकरला ते जाणवतं. ऑइल खुणेखाली असेल तर आधी तेवढं भरून मग आवाज ऐका. कित्येकदा प्रकरण इथेच संपतं. डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर ऑइल पातळ झालंय, ते बदलल्याशिवाय पुढचं काहीच तपासू नका.

इथे गॅसच्या गाड्यांविषयी एक सांगायला हवं. एलपीजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही. मालक डिपस्टिक बघतो, ऑइल मधासारखं दिसतं, आणि बदलायचं पुढे ढकलतो. पण रंग स्वच्छ दिसला म्हणून ऑइलचा दम शिल्लक आहे असं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तुमची गाडी दिवसभर गल्लीबोळात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दर पाच मिनिटांनी बंद-चालू. ऑइलसाठी यापेक्षा कठीण काम नाही. किलोमीटर भरले नसले तरी सहा महिन्यांत बदला, फिल्टरसकट. फिल्टर चांगल्या प्रतीचा घ्या. हलक्या फिल्टरमधली झडप नीट बसत नाही, रात्रीतून ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पहिले पाच-दहा सेकंद कोरडी खडखड ऐकू येते.

आता इंजिन सुरू करा, पेट्रोलवर. पुढच्या सीट उचलून ठेवा. फोनवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर निम्म्या वेगाने लावून टिका मोजा. इंजिन ९०० आरपीएमवर असेल तर क्रँक दहा सेकंदांत १५० फेरे मारतो आणि कॅम ७५. एक ढिलं टापेट किंवा एका सिलिंडरचं फुटलेलं गॅस्केट दहा सेकंदांत साधारण ७५ वेळा वाजेल. ठोके त्याच्या दुप्पट असतील, आवाज जाड ‘ठक-ठक’ असेल आणि खालच्या ऑइलच्या चेंबरकडून येत असेल, तर तो क्रँकच्या फेऱ्याशी बांधलेला, म्हणजे बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. तसं निघालं तर गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नका, ओढून न्या. सुरू असताना रेस थोडी वाढवून पाय सोडल्यावर तो आवाज जास्त उठतो, हीदेखील खूण आहे. पण बेअरिंगचा आवाज तापल्यावर जात नाही, वाढतो, कारण ऑइल पातळ होतं. तुमचा जातो. म्हणून इंजिनकाम सांगणाऱ्याला मी अजून होकार देणार नाही.

ठेका ७५ चा निघाला की जागा शोधायची. लांब पेचकस घ्या, टोक धातूवर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. टापेट कव्हरवर दोन टोकांना आणि मध्ये, मग ब्लॉकच्या बाजूला, मग मॅनिफोल्डजवळ हेडवर. टापेट असेल तर कव्हरच्या त्या भागावर टिक टोचल्यासारखी येते. इंजेक्टरवर टेकवलं तर तिथेही टिकटिक येईल, घाबरू नका, तो त्याचा धर्म आहे, तिन्हींवर सारखी आली की झालं. तुमचं गॅस किट इंजेक्टर-रेलवालं असेल तर गॅसवर ती रेल चांगलीच कटकटते. ‘टापेट वाजतंय’ म्हणून आलेल्या दोन-तीन गाड्या मी फक्त पेट्रोलवर टाकून दाखवल्या, आवाज गेला, मालक तसेच घरी गेले. पेचकस वापरताना सदऱ्याची बाही, गळ्यातली साखळी, उपरणं काही लोंबत ठेवू नका. फॅनबेल्ट शेजारीच फिरत असतो.

मॅनिफोल्डसाठी पेचकस चालत नाही, तिथे हवेचा आवाज पकडायचा असतो. हातभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ, दुसरं मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर एका एका सिलिंडरपाशी फिरवा. सांधा फुटका असेल तिथे ‘फस्-फस्’ असा स्पष्ट फुंकर लागल्यासारखा आवाज नळीतून येतो. हे काम इंजिन सुरू केल्यापासून पहिल्या दोन मिनिटांतच करा. नंतर लोखंड तापतं, हात भाजतो आणि आवाजही निघून जातो. इंजिन थंड असताना टॉर्च लावून सांधा बघा. काळ्या काजळीची रेघ दिसली, पंख्यासारखी बाहेर पसरलेली, तर शंका उरत नाही. आणि हे सगळं करण्याआधी तिन्ही स्पार्कप्लग हाताच्या पान्याने तपासा. ढिला प्लगही अगदी असाच टिकटिकतो, आणि तो घट्ट करायला एक मिनिट लागतं.

नळीत काही ऐकू आलं नाही तर सिलिंडर तोडून, म्हणजे एकेकाचं इंधन बंद करून, बघायचं. पूर्वी आम्ही चालू इंजिनात प्लगची वायर ओढायचो. इंजेक्शनच्या गाडीत ते करू नका, झटका बसतो तो बसतो, कॉइलही जाऊ शकते. इंजिन बंद करा, एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, पेट्रोलवरच पुन्हा सुरू करा. इंजिन मिसिंग मारेल, चेक लाइट लागेल, चालू द्या. आवाज ऐका. मग बंद करून तो लावा, पुढचा काढा. एखादा सिलिंडर तोडल्यावर आवाज दबला तर तो जळणाच्या दाबाशी जोडलेला आहे, म्हणजे पिस्टन, रॉड किंवा एक्झॉस्ट फूट. तिन्ही तोडून पाहिले तरी टिक तशीच राहिली तर टापेट, कारण व्हॉल्व्हला सिलिंडर पेटला काय, न पेटला काय, उघडायचंच असतं.

घाटातल्या आवाजाची एक निराळी परीक्षा घ्या. पुढच्या वेळी तुळजापूरला जाताना घाट एकदा पेट्रोलवर चढा आणि एकदा गॅसवर. सामान, माणसं तेवढीच. पेट्रोलवर काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखी कडकड आली आणि गॅसवर गायब झाली, तर तो टापेटही नाही न् गॅस्केटही नाही, ते पिंगिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं. एलपीजीचा ऑक्टेन (अवेळी न भडकण्याची ताकद) आपल्या साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून गॅसवर पिंगिंग सहसा होत नाही. मग कारण टायमिंग, आत जमलेला कार्बन किंवा तापणारं इंजिन यांत शोधायचं. दोन्हींवर सारखीच टिक आली तर माझा गॅस्केटचा संशय पक्का समजा. तुमच्या गाडीत सकाळचा आणि घाटातला हे दोन वेगळे आवाजही असू शकतात, म्हणून ही परीक्षा चुकवू नका.

थोडक्यात इथवरचा क्रम सांगतो, कारण पुढे मी जरा लांबण लावणार आहे. ऑइल आणि प्लग आधी, मग ठेका मोजायचा, मग नळीने सांधा, मग सिलिंडर तोडून खात्री, आणि घाट दोन्ही इंधनांवर. यात अजून एकही नट उघडलेला नाही. फॅनबेल्ट, अल्टरनेटर, सायलेन्सरवरचा पत्रा यांचे आवाजही असतात, पण ते टिकटिक कमी आणि किरकिर किंवा थरथर जास्त करतात. पत्रा असेल तर थंड सायलेन्सरवर मूठ मारली की लगेच कळतं.

आता टापेटवर बोलतो. वर मी ते मागे ठेवलं, पण तुमच्या गाडीला टापेट तपासणं गरजेचंच आहे, आवाजासाठी नव्हे तर गॅससाठी. गॅस कोरडं इंधन. त्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ते कडं, जास्त झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर बसत जातो आणि रॉकरखालची फट कमी होते. फट कमी म्हणजे आवाज कमी. मालक खूश असतो, गाडी शांत चालतेय म्हणून. आणि एक दिवस फट संपते. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता निघून जाण्याची मुख्य वाट म्हणजे बंद असताना सीटला टेकलेली त्याची कड. ती टेकणंच थांबलं तर व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि जळतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःचं गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. शाळेची मुलं नेणारी एक गॅसवरची ओम्नी आली, ड्रायव्हरची तक्रार एकच, टापेट वाजतं, आवाज बंद करून द्या. मी दिला. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) बाजूला ठेवला आणि आवाज पूर्ण मिटेपर्यंत स्क्रू आवळत गेलो. गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली, त्या माणसाने चहा पाजला. तीन महिन्यांत तीच गाडी ओढत आणली, पिकअप नाही, सकाळी सुरू होत नाही. हेड उतरवलं. दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेतला तर कडेला खाच पडलेली, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी. खाचेच्या आजूबाजूची धातू पांढरट-राखाडी, बोटाने चाचपली तर खरखरीत. तो व्हॉल्व्ह मी टाकला नाही. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात देतो. त्या गाडीचं काम मी पैसे न घेता केलं.

म्हणून मिस्त्रीला ‘आवाज बंद कर’ असं सांगू नका. ‘गॅप बघून मला आकडे सांग’ असं सांगा. थोडी टिकटिक करणारं टापेट वर्षानुवर्षं चालतं, गप्प केलेलं टापेट व्हॉल्व्ह खातं.

गॅप बघायचा तो रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. उन्हाळ्यात तर अर्ध्या तासात इंजिन थंड झालं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, सकाळी गाडी सुरू न करता तशीच बघायला हवी, म्हणजे आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजवर सोडा. टापेट कव्हर काढायचं, प्लग काढायचे म्हणजे इंजिन हलकं फिरतं, आणि एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणायचा. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२, त्या क्रमाने गेलं तर इंजिन उगाच फिरवावं लागत नाही. मी एक्झॉस्ट नेहमी ०.१८ च्या बाजूला ठेवतो, विशेषतः गॅसच्या गाडीत, झिजायला तेवढी जागा राहते. पाती ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी हलकी अडली पाहिजे. चेकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. हा दुसरा फेरा बरेच जण करत नाहीत.

गॅप लावूनही टिक राहिली तर रॉकरचा स्क्रू काढून त्याचा खालचा तळ बघा. १,४०,००० किलोमीटर चाललेल्या इंजिनात तिथे व्हॉल्व्हच्या शेंड्याने बारीक खड्डा पाडलेला असतो. फिलर गेजची सपाट पाती त्या खड्ड्याच्या काठांवर आडवी बसते आणि ०.१५ दाखवते, खरा गॅप मात्र खड्ड्याएवढा जास्त असतो. मिस्त्री प्रामाणिकपणे तीन-तीनदा सेट करतो, मालक तीन-तीनदा परत येतो, आणि दोघेही एकमेकांवर चिडतात. असा खड्डा दिसला की स्क्रू बदला, रॉकर ज्या बाजूने कॅमवर घासतो ती बाजू आणि कॅमचं नाकही त्याच वेळी बोट फिरवून बघा.

जाड ऑइलबद्दल तिसऱ्या मिस्त्रीने जे सांगितलं त्यात दुष्टपणा नाही, पण ते दुखण्यावर पांघरूण घालणं आहे. जाड ऑइल सकाळी वर पोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे ज्या वेळी तुम्हाला त्रास आहे त्याच वेळी रॉकर जास्त कोरडे राहतात. कंपनीने पुस्तकात दिलेल्या ग्रेडलाच राहा. ऑइल प्रेशरची शंका असेल तर लाल दिव्यावर विसंबू नका, तो दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. प्रेशर स्विच काढून तिथे मीटर लावून बघायला अर्धा तास पुरतो. दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा गॅरेजातला जुना अंदाज आहे, इंजिन पूर्ण तापलेलं असताना तेवढा दाब मिळाला तर खालच्या बेअरिंगांची काळजी सोडा. कव्हर काढल्यावर आत काळा चिखल साचलेला दिसला तर फ्लशिंग ऑइल मात्र घालू नका. तो चिखल सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतो आणि पंपाला ऑइल मिळत नाही. चेंबर उतरवून जाळी धुणं हाच त्यावरचा सरळ रस्ता, आणि पुढची दोन ऑइलं लवकर लवकर बदलायची.

गॅस्केटच निघालं तर काम मोठं नाही, पण घाईचं करू नका. मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे स्टड एवढ्या वर्षांत गंजून बसलेले असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा. जोर लावून स्टड हेडमध्ये तुटला तर काहीशे रुपयांचं काम हेड उतरवण्यावर जातं. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरायची. पट्टीखालून उजेड दिसला तर मॅनिफोल्ड वाकलंय, लेथवाल्याकडून तोंड सपाट करून घ्यायचं, नाहीतर नवं गॅस्केट दोन महिन्यांत पुन्हा फुंकतं. नट मधून बाहेर अशा क्रमाने आवळायचे, आणि एकदा गाडी तापवून, पूर्ण थंड करून पुन्हा एकदा हात मारायचा. मग सीटखालच्या झाकणाची रबरंही बदला. त्याच भेटीत होऊन जाईल.

इंजिनकामाचा निर्णय कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये भरणारा दाब) मोजल्याशिवाय घेऊ नका. तिन्ही सिलिंडरचं मोजायचं, तिघांत साधारण एक किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंग-बोअर, न वाढला तर व्हॉल्व्ह. ऑइल पीत नाही, निळा धूर नाही आणि कॉम्प्रेशन सारखं आहे, अशा इंजिनाला कोणी केवळ आवाजावरून उघडायला सांगत असेल तर मी तरी उघडू देणार नाही. पिस्टनचा हलका थंड आवाज निघाला तरी तुमच्यासारख्या वापरात तो बरीच वर्षं निभतो.

पैसे घालावेत का, हे इंजिनापेक्षा पत्र्यावर ठरतं. गाडी उचलून खालच्या चॅसिसच्या पट्ट्या आणि दारांखालचे पत्रे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पत्रा शाबूत असेल आणि पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी-नूतनीकरण अजून दोन-तीन वर्षं शिल्लक असेल तर गॅस्केट, टापेट, ऑइल, जाळी एवढं काम खुशाल करा. ओम्नीचे भाग आजही सहज मिळतात आणि दुरुस्त करणारे हात गल्लोगल्ली आहेत. पत्रा पोखरला असेल तर फक्त गॅस्केट बदला, कारण धुराचा धोका दोन महिन्यांसाठीसुद्धा चालवून घ्यायचा नसतो, आणि बाकी पैसे दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

येत्या रविवारी सकाळी गाडी सुरू न करता आधी डिपस्टिक बघा, मग नळी घेऊन बसा. टापेट तपासून घेतलीत की सहाही गॅपचे आकडे, सिलिंडरचा नंबर आणि इनलेट-एक्झॉस्ट लिहून, सेट करायच्या आधीचे, मला पाठवा. नंतरचे सगळ्यांचे सारखेच असतात. आधीचे बघितले की कुठल्या सिलिंडरची सीट बसत चालली आहे ते मी इथून सांगू शकेन.